तोंडी परीक्षा

रविवार, लिलाव बंद. मोंढ्यातल्या तीन नंबरच्या शेडमध्ये
मी सतरंजी अंथरली, टेबल मांडलं,
नांदेडहून आलेल्या इंगोले सरांपुढं पाण्याची बाटली ठेवली.
पोरांचे पांढरे ड्रेस बसल्या जागी पिवळे व्हायला लागले.
वसमतमध्ये त्याला इलाज नाही.
हळद इथं फरशीत आहे, पत्र्यात आहे,
सोमवार ते शनिवार ज्या आडतीत मी पट्ट्या लिहितो
तिथं माझ्या चष्म्याच्या काडीत आहे.
यलो बेल्टला परीक्षा कशाला घेता हो, सर म्हणाले
आणि स्वतःच हसले.
मीही हसलो. दरवर्षी हसतो.

प्रॅक्टिकलला साठ. तोंडीला चाळीस,
आणि तोंडीसाठी एक कागद:
झेरॉक्सचा झेरॉक्स, त्याचाही झेरॉक्स,
कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याची सावली
आता अक्षरांइतकीच काळी.
एक ते दहा, जपानीत.
ठोशाची नावं, लाथेची नावं.
आत येताना काय करावे, जाताना काय करावे.
कराटे या शब्दाचा अर्थ.
उभं राहण्याचे प्रकार तीन, त्यातला दुसरा झेनकुस्ती.

पहिल्याच पोरानं ते ठणकावून म्हटलं
आणि सरांचा पेन थांबला.
झेन काय?
दुसऱ्यानं तेच. तिसरीनं तेच, डोळे मिटून.
कुत्सु, सर माझ्याकडं वळून म्हणाले. झेनकुत्सु.

माझे कान तापले.
हा कागद मला गफूर वस्तादांनी हातानं लिहून दिलेला.
गुडघ्यानं कुस्ती सोडवली तेव्हा
पंचेचाळिसाव्या वर्षी पूर्णेला जाऊन
चार महिने कराटे शिकून आले होते ते.
कानाला जे आलं ते लिहिलं त्यांनी.
पुढचा पाय वाकवा, मागचा ताठ, जमीन सोडू नका.
आखाड्यात तरी दुसरं काय सांगत होते?
एकवीस वर्षं मी चुकीचा शब्द शिकवला
आणि एकाही पोराचा पाय चुकला नाही,
हे सरांना सांगावंसं वाटलं.
पाण्याची बाटली जराशी पुढं सरकवली.

अकरावा नंबर सुकेशनी खिल्लारे, सहावी ब.
बाप याच शेडमध्ये हमाल.
इची, नी, सान, शी, तिनं पोती मोजल्यासारखं मोजलं,
आकड्यागणिक मान जराशी डावीकडं.
झेनकुस्ती, म्हणाली; मग सरांचं तोंड बघून, कुस्तु.
कराटे म्हणजे?
रिकामे हात, सर.
बरोबर. पण म्हणजे काय? पाठ केलेलं नको, तुझ्या शब्दांत सांग.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग वर,
पत्र्याखालच्या पारव्यांकडं.
म्हंजे, काम नाई लागलं त्या दिवशी.
आकडा खिळ्यालाच.
आई इचारत नाई, कामून लवकर आले म्हून.
तवा आमी घरात मोठ्यानं नाई बोलत.

कागदावर उत्तर आहे: शस्त्राशिवाय स्वतःचे रक्षण. गुण पाच.
मी मनातल्या मनात जुळवायला लागलो.
शस्त्र नाही, आकडा खिळ्याला आहे, एवढं तरी बसतं.
सरांनी काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
नंतर बघितलं मी.
तिनाचे पाच केले होते की पाचाचे तीन,
शाईवरून कळेना.
पुढचा, सर म्हणाले, जरा मोठ्यानं.

सोमवारी आवक कमी. पाऊणशे पोती, तीही ओली.
अकरा वाजता खिल्लारे आडतीच्या दारात उभा,
हात मागं बांधलेले.
मास्तर, काल पोरीला काय इचारलं हो?
रातभर म्हनायली, पाच मार्काचं येत होतं मला,
पर सरच गप झाले.
मी पट्टी लिहीत होतो.
लिहीत राहिलो.