काकडीचं सूप, अकरा वर्षं

'प' म्हणायला ओठ आधी मिटावे लागतात.
सगळ्यांचे मिटतात, उघडतात.
माझे मिटतात ते मिटतातच.

लुब्लिनच्या स्टेशनामागे एक दूध-खानावळ आहे.
नाव जुन्या काळचं; दूध आता कुणी मागत नाही.
भिंतीवर काळा फळा, त्यात खोचलेली पांढरी अक्षरं.
गल्ल्यावर आधी सांगायचं, पैसे द्यायचे,
चिठ्ठी घेऊन खिडकीशी उभं राहायचं.
सांगायचं एकच वाक्य.
ते मी ट्रॉलीबसच्या डेपोतून निघतानाच घोटायला घेतो.
पुलावर ते सुरळीत असतं,
औषधाच्या दुकानापाशीही.
दार ढकललं की चष्म्यावर वाफ येते
आणि फळ्याआधी वाक्य दिसेनासं होतं.

मला हवे असतात पिएरोगी.
आत बटाटा आणि चीज, वर तळलेला कांदा,
कोपऱ्यातला म्हातारा खातो तसे,
एकेक, काट्याने कापून.
पण पिएरोगी म्हणजे प.
बाईंना हाक मारायची तर 'पानी', तोही प.
कृपा करून द्या, याला आमच्याकडे शब्द आहे
'पोप्रोशें', त्यात तर दोन.
म्हणजे उपाशी राहायचं नसेल
तर उद्धट व्हावं लागतं.
मी म्हणतो, "झुपा. ओगुर्कोवा."
सूप. काकडीचं.
ना बाई, ना कृपा. फेकल्यासारखे दोन शब्द.
शनिवारी कोपित्का असतात, क मला जमतो;
शनिवारी मला सुट्टी.

सुपात शेपू असतो. शेपू मला आवडत नाही.
चमच्याने गोळा करून
ताटलीच्या कडेला लावून ठेवतो, अकरा वर्षं.
गेल्या साली माझ्या नामदिनाला डेपोतल्या मंडळींनी
आंबवलेल्या काकड्यांची बरणी दिली, पाच लिटरची,
झाकणाला लाल फीत:
'आमच्या लुदोमिरला, आवड ठाऊक आहे म्हणून.'
मी प्रत्येकाशी हात मिळवला.
बरणी अजून बाल्कनीत आहे.

मग तो गुरुवार.
"काकडीचं संपलं," गल्ल्यावरची बाई म्हणाली,
आणि पहिल्यांदाच मान वर केली.
माझ्या मागे नऊ माणसं, एक पेंगुळलेलं मूल.
फळ्यावर पाहिलं तर
पिएरोगी, प्लात्स्की, पोमिदोरोवा,
जणू कुणी मुद्दाम निवडून लावलेले.

ओठ मिटले.
आत शब्द उभा, अख्खा, वाफाळता.
बाहेर नुसता कंठ हलतोय.
मागचा विद्यार्थी मदतीला आला:
"प्लात्स्की का? पोमिदोरोवा? पिएरोगी?"
ओळखलं होतं त्याने.
मान हलवली असती तर मिळालेही असते.
पण बाई त्याला म्हणाली,
"तू थांब. ते बोलतायत."

बोलतायत!
मी बोलत कुठे होतो, मी तर अडकलो होतो.
तिने पेन खाली ठेवलं.
घड्याळाकडे पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडेही नाही;
गल्ल्यावरचा साखरेचा वाळका डाग
नखाने खरवडत राहिली.
डाग निघाला.
मी अजून प वरच.
खिडकीतून कुणाच्या तरी कटलेटची हाक आली,
कुणी हललं नाही.

मग ओठ सुटले. काचेवर थुंकीचे दोन थेंब.
"पिएरोगी,"
आणि सुटलेच आहेत म्हणून
सगळी मागची बाकी एकदम,
"पोप्रोशें, पानी."
"सुटे आहेत का?" तिने विचारलं.

पिएरोगी ठीक होते.
एक शिवणीत उकललेला, कांदा जरा करपलेला.
म्हाताऱ्यासारखे सावकाश खावेत असं ठरवलं होतं,
पण जबडा थरथरत होता,
पहिले तीन नुसते गिळले.

शुक्रवारी पुन्हा रांगेत.
"झुपा," मी म्हणालो. "ओगुर्कोवा."
घाबरून नव्हे.
बरं, घाबरूनच.
तिने चिठ्ठी फाडून हातात दिली
आणि मागे वळून खिडकीकडे ओरडली,
"एक काकडीचं, शेपू नको!"

आत भांडी घासत होते, कुणाला ऐकू गेलं नाही.
शेपू होताच, नेहमीपेक्षा जास्त.
मी तो कडेला लावत बसलो, हळूहळू,
सूप निवेपर्यंत.