खाली पोकळी ठेवा

कुडचड्याच्या वखारीत रोमाल्दो विचारतो, कुठल्या मजल्यावर?
तळमजल्यावर, मी म्हणते. बोरीला, नदीपासून दोन शेतं वर.
तो गळ्यातली टेप काढून ठेवतो.
बाये, तिथं पावसात भिंतीवरच्या कॅलेंडरालाही बुरा येतो.
टाइल घाल. नाहीतर लाकडासारखी दिसणारी टाइल घाल,
पाहुण्यांना कळत नाही.

पाहुण्यांसाठी नाही, मी म्हणते.

मग तो दाखवत जातो. सागवान:
दर ऐकून माझी पर्स आपणहून बंद होते.
फणस, नुकती हळद लागल्यासारखा पिवळा,
पण खुर्ची ओढली की ओरखडा.
किंदळ. जांबा, खिळाच वाकवणारा.
मग माट्टीची एक फळी, काळपट रेघांची.
मी ती बोटांच्या पेरांनी वाजवून बघते.
कलिंगड नव्हे ते, रोमाल्दो हसतो.
मी किंदळ वाजवते. पुन्हा माट्टी.
माट्टी द्या.
वाकडी चालते हो ती, तो म्हणतो, वाळलेलीच ने.

शाणू मेस्त आल्या आल्या जमिनीला तळहात लावतो,
मग तोच हात गालाला.
आज ठोकायचं नाही. पंधरा दिवस फळ्या घरात निजू देत,
तुमच्या घरची हवा कळू दे त्यांना.
पंधरा दिवस आम्ही हॉलमधल्या चळतीला वळसा घालून जेवतो,
इस्त्री करतो, कर्जाच्या हप्त्यावरून भांडतो.
सगळं मुरत असेल त्यांच्यात.
रोज संध्याकाळी तो मासळीवाल्याच्या आकड्याला
तीच एक फळी लटकवतो, पाटीवर वजन लिहितो.
वजन हलायचं थांबलं की सांगतो.

थांबतं. तो म्हणतो, सरळ सिमेंटवर चिकटवू.
आवाज म्हणून होणार नाही.
आवाज व्हायला हवा.
तो कानावरची पेन्सिल काढतो, परत ठेवतो.
रिपा घाला, मी म्हणते, खाली पोकळी ठेवा.
पोकळीत उंदीर, बाई. पोकळीत वाळवी.
चाललात की घुमटासारखं घुमेल घर.
घुमू दे.

शलाका आमच्याकडे पाठ करून
खिडकीशी चित्र काढत बसली आहे.
गे बाय, शाणू हाक मारतो, तुला कसं हवं गो?
पुन्हा मारतो, जरा मोठ्यानं.
तिसरी हाक त्याच्या तोंडातच राहते.

तो काही बोलत नाही. अंगणात जाऊन रिपा उतरवतो,
दोन रिपांमधलं अंतर
मला न विचारता दोन बोटं वाढवतो.

तीन दिवस घरभर काजूच्या सालीच्या तेलाचा वास,
रिपांना चोपडताना पोऱ्याचे हात भाजतात.
मग फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत.
मध्ये ठोकळा धर रे, शाणू त्याला ओरडतो,
जिभेवर थेट घाव घालायचा नाही.
भिंतीलगत बोटभर फट सोडतो:
पावसात फुगेल ती, तिला अंग टाकायला जागा हवी.

शेवटच्या संध्याकाळी तो दारात उभा राहून
टाच आपटतो.
खिडकीशी शलाका वळून बघते.
तो पुन्हा आपटतो, उगाच. ती पुन्हा बघते.
मग तो पंचा झटकतो, बराच वेळ झटकतो,
आणि उरलेले पैसे न मोजता खिशात घालतो.

ऑगस्टात खिडकीजवळच्या दोन फळ्या उचलल्या गेल्या आहेत,
दिवाळीनंतर रंधा मारू, शाणू फोनवर म्हणाला.
रात्रीचे आठ. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून
दोनदा टाच आपटते: म्हणजे जेवायला ये.
शलाका वळत नाही.
पुन्हा दोनदा.
तिचा खांदा किंचित हलतो,
रंगाची कांडी क्षणभर थांबते, आणि परत चालू.

पोचलंय तिला.
ऐकून न ऐकल्यासारखं करते आहे,
सहा वर्षांत पहिल्यांदा,
शेजारच्या कुठल्याही मुलासारखं.

भात निवतो आहे.
मी तिसऱ्यांदा टाच आपटते,
आणि आता मला खरोखरच राग आलेला असतो.