डावा दिवा

बल्ब नवा घातला. तरी नाही.
फ्यूज काढून टॉर्चसमोर धरला, आतली तार शाबूत.
रिलेवर बोट ठेवलं की टिक करते,
म्हणजे हुकूम पोचतोय.
उजवा दिवा लख्ख.
डावा पातळ चहाच्या रंगाचा.

रात्रीचे पावणेदोन. नॉर्थ डकोटा, ऑक्टोबर.
शेतात बीट उपटणारं यंत्र थांबत नाही.
जमीन गोठली तर बीट गेले,
दुपार तापली तर ढिगावर घेत नाहीत,
म्हणून या दहा-बारा दिवसांत झोप ही नुसती अफवा.
चार ट्रक. तीन रांगेत लागलेत.
चौथा हा, बाबांचा, एकोणनव्वद सालचा, निळा.
असाच रस्त्यावर काढला
तर समोरच्याला वाटेल मोटारसायकल येतेय.
बावीस टनांची मोटारसायकल.

एलिसेओ दर हंगामाला टेक्सासहून येतो.
मल्टिमीटर काखेत धरून ऊब देतोय,
थंडीत त्याचे आकडे झोपाळू होतात.
"सॉकेटला बारा आहेत, डॅग्नी."
बारा आहेत.
रिकाम्या सॉकेटला काय, बारा असणारच.
ओझं नसताना कोण वाकतं?
प्लग लावून मोज, मागून पिन टोचून.
तो मोजतो.
येणाऱ्या तारेवर बारा.
जाणाऱ्या तारेवर सात.
तिथे शून्य हवं होतं.

मग तो बोलत नाही, नुसतं बोट दाखवतो.
दिवा चालू केला की
शेजारचा इंडिकेटर मंद उजळतो.
त्याच्या बटणाला कुणी हात लावलेला नाही.
वीज आली, जमेल तेवढं काम केलं,
आणि परतीची वाट बंद दिसली
म्हणून शेजाऱ्याच्या अंगणातून
गुपचूप घरी निघाली.

म्हणजे अर्थ नाही.
तार आहे, ताकद आहे, अर्थ लागत नाहीये.
काळ्या तारेचा माग काढत
मी मडगार्डच्या आत खांद्यापर्यंत हात घालते.
चिखल, बिटाचा पाला,
उंदराने कधीतरी मांडलेला आणि मोडलेला संसार,
आणि बोल्ट.
दहाचा पाना लावते. करकरतो, सुटतो.
खाली पत्रा निळा.
सुंदर, गुळगुळीत, तीन हातांचा निळा.

गेल्या वर्षी हरीण आदळलं होतं.
बाबांनी मडगार्ड बदलला,
सगळं सोडवून, घासून, पुसून
स्वतः रंगवला, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी.
एक ओघळ नाही. एक कोपरा सुटला नाही.
जो सुटायला हवा होता तोही नाही.
"रंगाखाली गंज शिरत नाही," म्हणायचे.
वीजही शिरत नाही, बाबा.
वर्षभर ती त्या बोल्टच्या आट्यांवरून
कशीबशी उतरत होती,
या हिवाळ्याच्या तोंडावर तेही संपलं.

सॅंडपेपर हातात आहे.
एलिसेओ टॉर्च धरून उभा, दुसरीकडे बघतोय,
लोक चर्चमध्ये बघतात तसा.
मी घासते.
निळा जातो, खालचा राखाडी जातो,
आणि नाण्याएवढा पत्रा
उघडा, चकचकीत.
तारेची कडी घासली, बोल्ट आवळला,
वरून ग्रीसचं बोट.
आता मोज.
शून्य पूर्णांक शून्य सहा.

डाव्या दिव्याने समोरचं धान्यकोठार असं पांढरं केलं
की पत्र्यावरची मांजर उठून बसली.

रेडिओ खरखरतो. स्वयंपाकघरातून, लायसन्स गेल्यापासून
रात्रभर ते तिथेच असतात, चहा आणि मायक्रोफोन घेऊन.
"सापडलं का? काय होतं?"
एलिसेओ माझ्याकडे बघतो.
मी बटण दाबते.
"गंज."

जरा वेळ नुसती खरखर.
"बघ," ते म्हणतात,
"मी रंग लावला होता म्हणून
एवढ्यावर निभावलं."

हो, मी म्हणते.
आणि गिअर टाकते.