पंचावन्न अंश

किथ्लीच्या लायब्ररीत, तळमजल्यावर,
गुरुवारी सहा ते आठ.
शिकवणारा कॅलम माझ्या लेकीहून लहान.
म्हणतो, सोपं आहे: वर्तुळ काढा, वर ओढा, भोक पाडा.
फार्मसीत मी दिवसभर बाटल्यांची झाकणं फिरवते,
दाबून फिरवायची, पोरांना न उघडणारी.
झाकणाच्या आत डोकावून मात्र
बावन्न वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

माझा पहिला बोल्ट स्क्रीनवर झोकात उभा,
आटे ठसठशीत, सावल्यांसकट.
प्रिंटर चाळीस मिनिटं गुणगुणला
आणि हातात आली एक गुळगुळीत कांडी.
कॅलम हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा.
'ते नुसते दाखवायचे आटे,' तो म्हणाला,
'खरे हवे असले तर इथे टिक करायची.'
एवढीशी चौकट.
परतताना बसमध्ये मला दोन-तीन माणसं आठवली
ज्यांच्यात ती टिक करायची राहून गेली होती.

शेजारच्या खुर्चीत मिस्टर ॲक्रॉइड, वय एक्याऐंशी.
माऊस हातात थरथरतो,
त्यांच्या वर्तुळांची अंडी होतात.
रुमालात गुंडाळून आणलेली
पितळेची तेलवाटी, बिनझाकणाची.
कारखाना मोडला तेव्हा
भंगाराच्या भावात घेतलेला लेथ
परसातल्या शेडमध्ये अजून आहे,
आणि वाटीत धूळ जाते.

यादीत मी मेट्रिक निवडलं. कोन साठ अंश.
त्यांनी वाटीच्या खोबणीत नख घातलं,
डोळे मिटले, जसं कुणी नाडी बघतं.
'पंचावन्न. इंचाला सव्वीस.'
यादीत पंचावन्न नव्हतंच.
मग आम्ही आमचा त्रिकोण काढला,
हात माझा, नख त्यांचं.
पंचवीस पूर्णांक चार भागिले सव्वीस
मी कागदावर केलं, शाळेत करायचो तसं, खाली रेघ ओढून.
'टोकं गोल कर,' ते म्हणाले. 'हे बोचणारे आटे नव्हेत.'

तुमच्यात याला काय म्हणतात?
मळसूत्र, म्हटलं.
त्यांनी शब्द तीनदा तोंडात फिरवला,
पण ळ काही बसेना,
त्यांच्या जिभेचे आटे वेगळे.
मी कागदाचा कोपरा तिरका फाडला,
पेन्सिलीभोवती गुंडाळून दाखवला,
सातवीत दळवी सरांनी दाखवलेला:
चढण गुंडाळली की मळसूत्र.
ते बघत राहिले. पंधराव्या वर्षी फोरमननं
सिगारेटच्या कागदाचं हेच केलं होतं म्हणे,
आणि मग तो कागद ओढून टाकला होता.

पहिलं झाकण बसलंच नाही.
दुसरं बसलं ते उतरेना,
सुंभासकट जाळलं असतं तरी पीळ सोडला नसता.
कॅलमनं पक्कड आणली.
फट वाढवली, केसाएवढी, मग दोन केसांएवढी.
मधला गुरुवार बर्फात गेला.

तिसरं घेऊन मी थेट आवळायला लागले.
तिरकं गेलं, अडलं.
त्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं.
'आधी उलटं फिरव.'
उलटं?
'उघडताना फिरवतेस तसं. सावकाश.'
फिरवलं. काही नाही, काही नाही,
आणि मग कुठंतरी बारीक टक्,
आवाज होता की स्पर्श कळलं नाही.
एक पायरी उतरल्यासारखं झाकण खाली बसलं.
'आता,' ते म्हणाले.
त्या हातांनी मग वाटी माझ्याकडून घेतली
आणि एवढ्यापुरते ते थरथरले नाहीत.

शुक्रवारी फार्मसीत मिसेस मिर्झांची
खोकल्याच्या औषधाची बाटली बंद करताना
मी झाकण आधी उलटं फिरवलं.
'बिघडलंय का?' त्यांनी विचारलं.
नाही, म्हटलं. एक मिनिट.
ऐकतेय.