ठिपका

अल ऐनच्या नेमबाजी क्लबात काउंटरवर मी,
इब्राहिम परकार, गाव हर्णै,
बावीस वर्षं या काचेमागे.
काळ्या मखमलीवर पाच पिस्तुलं मांडलेली
आणि पलीकडे मौझाबाई, हातात गाडीची किल्ली,
म्हणतात, एकच हवं.
घरालाही तेच, स्पर्धेलाही तेच.

एकच हवं म्हणणारी माणसं मला समजतात.
आईकडे एकच विळी होती,
मासळीला तीच, फणसालाही तीच.
फक्त कधी पात्याला तेल लावायचं
हे तिला ठाऊक होतं.

मी सांगतो, छोटं घेऊ नका.
छोटं लपवायला बरं, तुम्हाला कुठे लपवायचंय?
पूर्ण मापाचं घ्या.
वजन हातात राहतं, नळी कमी उसळते,
दुसरी गोळी पहिलीच्या शेजारी जाऊन बसते.
मूठ धरून बघा, करंगळी लोंबत नाही ना?
रिकामं आहे. मी दोनदा पाहिलंय.
तिसऱ्यांदा तुम्ही पाहा.

आणि ही वरची पट्टी काढली की खाली खाच,
डॉट इथे बसतो.
दोन स्क्रू, निळ्या गोंदाचा एकेक थेंब.
जास्त आवळलात तर आटे जातात,
कमी आवळलात तर तिसाव्या गोळीला
ठिपका भटकायला लागतो.

त्या पिस्तूल उचलतात आणि मान हलवत
काचेत ठिपका शोधू लागतात,
नवा चष्मा लागलेल्या माणसासारख्या.
शोधू नका, बाई. लक्ष्याकडे बघा, तो येतो.
आला, म्हणतात.
कसा दिसतो?
गोल.
मला तो गोल दिसत नाही, हे मी सांगत नाही.
माझ्या डोळ्यात तो फाटतो,
पापलेटच्या शेपटासारखा दोन बाजूंना.
डॉक्टर म्हणाला, बुबुळच वाकडं आहे, वयाचा दोष नाही.

स्पर्धेचं सोपं असतं.
टायमर वाजतो, समोर पुठ्ठा,
पुठ्ठ्याला आई नसते.
घरात टायमर वाजत नाही, घरात फ्रीज वाजतो,
आणि रात्री अडीचला जिन्यावर एक पायरी.
मी विचारतो, उशिरा कोण येतं तुमच्याकडे?
त्या जरा थांबतात.
सैफ. एकोणीस वर्षांचा.
मला जाग येऊ नये म्हणून
चपला हातात घेऊन चढतो.

पिस्तूल मखमलीवर परत.
मग टॉर्च आधी घ्या, मी म्हणतो.
आधी उजेड. मग नाव विचारायचं, मोठ्यानं.
मग
तिसरं मला काउंटरवर बोलवेना.
पाच पिस्तुलं सरळ होती,
तरी पुन्हा सरळ केली.

आमच्या खोलीत सहा माणसं आणि चार किल्ल्या,
म्हणून दार उघडंच.
घर म्हणजे हर्णैचं.
काल सायराचा आवाज आला फोनवर,
मागच्या दाराची कडी निखळलीय,
सुतार येतो येतो म्हणतो.
रात्री दाराला पाटा टेकवते
आणि वरवंटा घेते उशाशी.
वरवंटा!
पूर्ण मापाचा. मूठही बसते.
मी हसलो, ती हसली नाही.

मौझाबाईंनी दहा गोळ्या झाडल्या.
सात एका वाटीत मावतील अशा,
तीन डावीकडे, त्या बोट जोरात ओढतात म्हणून.
दुसरं घेतलं, मखमलीवरचं, डावीकडून.
कागद झाले, परवान्याची प्रत लावली,
सहीच्या आधी म्हणाल्या,
सध्या फक्त स्पर्धेचं. घरचं सैफशी बोलून.
पिस्तूल क्लबाच्या तिजोरीत राहिलं,
खण एकतीस.

जेवणाच्या सुट्टीत
मी सुताराला फोन लावला.
उचलला नाही.
मग पुन्हा लावला.