शिफ्टवर कोपर

डिचोलीच्या पुढे, वजनकाट्यावरच्या खोपटात
लाल धूळ कीबोर्डच्या अक्षरांत मुरलेली.
शाणू मळीक डाव्या कोपराने
शिफ्टचं बटण दाबून बसलेला
आणि उजव्या हाताने वहीत ट्रकांची वजनं.
"सोडलें जाल्यार थांबता, बाये," म्हणाला,
"वेळ."

मला वाटलं, चेष्टा.
त्याने कोपर उचललं.
सहा वाजून दहा मिनिटं, चार सेकंद.
चार.
चार.
एक ट्रक काट्यावर चढला, उतरला, होर्न मारून गेला,
अजून चारच.

दुपारी जेवायला जाताना मशीन झोपवायचं,
वीज वाचते, असं मालकाचं म्हणणं.
उठल्यापासून हे असं.

सेल बदलला. नाही.
बायोसात तारीख घातली. नाही.
मग लॉग उघडला, शिफ्ट शाणूच्याच कोपराखाली,
नाहीतर पानसुद्धा सरकेना.

पेटीत घड्याळं एक नसतात.
नाण्याएवढ्या सेलवरचं कधी झोपत नाही, पण ढोबळ.
प्रोसेसरचं चपळ, झोपून उठलं
की कुठवर मोजलं होतं तेच विसरतं.
आणि एक, ज्याचं काम एवढंच
की दर क्षणाला खांद्याला हात लावून म्हणावं, चल.
ते उठलंच नव्हतं.
बाकी सगळे जागे
आणि हाकेची वाट बघत उभे.
गोल पिनेचा जुना कीबोर्ड, म्हणून निभावलं:
प्रत्येक दाब म्हणजे एक हाक.

सुरुवातीच्या ओळीत शब्द जोडला:
चपळावर भिस्त नको, मंद घड्याळ चालेल.
झोपवलं, उठवलं.
सहा वेळा नीट.
सातव्यांदा पुन्हा चार, चार, चार.

शाणूने चहा आणला.
म्हणाला, खाण बंद होती तेव्हाही मी येत होतो.
ट्रक नाही, पावती नाही,
सकाळी काटा चालू करून स्वतःच उभा राहायचो.
विसाच्या पायऱ्यांनी मोजतो हा:
कधी साठ, कधी चाळीस,
मधलं याला कळत नाही.
ते आकडेही वहीत आहेत. दाखवू?

दाखवले. तारखेसकट,
एकही दिवस न गाळता.

प्रोसेसरची गाढ झोप बंद केली.
आता डुलकीच घेईल, वीज थोडी जास्त खाईल.
तीस वेळा झोपवलं, तीस वेळा उठलं,
मोबाइलशी ताडून पाहिलं:
पाच, सहा, सात.
"जालें?"
"जालें."

साखळीची बस वळणावर दिसली तशी पिशवी उचलली.
दारातून मागे पाहिलं.
सेकंद आपले आपण चालले होते,
काट्यावर ट्रक चढत होता,
शाणू वहीत वजन लिहीत होता
आणि त्याचं डावं कोपर
शिफ्टवर.