समास

मे महिना. इतवारीत ढोबळेकाकांच्या छापखान्यावरची खोली.
कूलर वारा कमी आणि पाणी जास्त फेकतोय
आणि आम्ही चौघं ठरवतोय
'बारा वाटा'च्या दुसऱ्या पुस्तकात काय घालायचं.

पानं चौसष्ट. त्यावर एक नाही.
हिशेब माझ्याकडे, म्हणून हे वाक्य
मी दर अर्ध्या तासानं म्हणते.

पराते म्हणतो, राक्षस. नवे चाळीस.
चितारूनच आणलेत त्यानं. एक तर चक्क मारबत,
पिवळी, कागदी, गावाबाहेर नेऊन जाळली
तरी दुसऱ्या दिवशी चौकात हजर.

झुबेरला समुद्र पाहिजे.
जहाजं, वादळं, वारा फिरला तर फासा कोणता टाकायचा.
"अबे, तू समुद्र पाह्यला का कधी?"
"राक्षस तरी तू कुठं पाह्यले बे?"
फुटाळ्याच्या काठावर बसून
त्यानं भरती-ओहोटीचे नियम लिहिलेत.
बरे लिहिलेत.

उत्कर्षा गप्प. तिच्या मांडीवर एक जुनी प्रत,
कामठीच्या होस्टेलातून परत मागवलेली,
पाच पोरींनी तीन वर्षं खेळलेली.
तिनं ती टेबलावर कण्यावर उभी धरली
आणि सोडून दिली.

पुस्तक आपोआप उघडलं. पान एकेचाळीस.

राक्षसांची पानं अजून करकरीत होती,
दोन तर कापायचीच राहून गेलेली, जोडलेली.
पराते ती पट्टीनं सोडवत बसला,
कोणाकडे न बघता.
एकेचाळीसवर मात्र तर्रीचे डाग,
कपाचं गोल, कुणाचा तरी अंगठा.

तिथं काय आहे? एक नावाडी.
खाली जागा उरली होती म्हणून
रात्री दोनला मीच टाकलेल्या तीन ओळी:
पैसे घेत नाही.
मधल्या धारेत एकच प्रश्न विचारतो.
उत्तर ऐकेपर्यंत वल्हं मारत नाही.
प्रश्न कोणता, ते लिहायला ओळ उरली नव्हती.

आणि समासात, पेन्सिलीनं, निळ्या शाईनं,
एक सुकत आलेल्या स्केचपेननं,
पाच हातांची अक्षरं:
मागच्या खेपेला उतरताना खोटं का बोललीस?
तुझ्या नावानं कोण दिवा लावतं?
परत कधी येणार ते सांगून निघालीस का?
चौथीचं खोडलेलं, उजेडात धरूनही लागत नाही.
पाचवीचं नुसतंच: जेवलीस?

"झालं मग!" पराते उठला. "नावाड्यावरच लिहू.
सोळा पानं. त्याचा बाप, त्याचं गाव,
प्रश्नांची अख्खी यादी."
"आन् मंग या पाच जणी?" उत्कर्षा म्हणाली.
"आपन छापलं का यांनी रबर घ्यावं लागते."

कूलरचं पाणी संपलं. मोटार कोरडी घरघरत राहिली.
कोणी उठलं नाही.
झुबेरनं वीस पैलूंचा फासा टाकला,
तो टेबलावरून घरंगळत कूलरखाली गेला
आणि किती पडले ते आजही ठाऊक नाही.

ठरलं ते असं. राक्षस नऊ, मारबत धरून.
समुद्राचा एकच किनारा, पलीकडचा नाही.
बाकी माणसं. नाक्यावर पावती फाडणारा,
विहिरीचं कुलूप सांभाळणारी,
ज्याच्या दुकानात फक्त डाव्या पायाचे जोडे मिळतात तो.
प्रत्येकाला तीन ओळी. चौथी मागायची नाही.
आणि समास चार बोटं.

खाली ढोबळेकाकांनी नमुना उलटापालटा करून पाहिला.
"हे काय हो बाप्पा? अर्धं पान खालीच सोडलं.
कागदाचा भाव मालूम आहे ना?"
मालूम आहे. हिशेब माझ्याकडेच आहे.
"मंग इथं काय छापाचं?"
पांढऱ्या पट्टीवर त्यांनी बोट टेकवलं, शाईचं.
उचललं तर ठसा.
"घ्या. हे पान बाद झालं."

मी ते मागून घेतलं.